उसने स्वल्पविराम

अनसूया ताम्हाणे यांच्या एकूण त्रेपन्न कादंबऱ्या.
त्यांतल्या एकतीस मी जुळवल्या, या हातांनी.
वाचल्या असं नाही म्हणता येत.
आम्ही अक्षरं उलटी वाचतो, आणि वजनानं:
स्टिक जड लागली की समजायचं
बाईंनी आज लग्नाची पंगत मांडली आहे.

रावपुऱ्यात जिन्याखाली आमचा छापखाना,
समोर रमणभाईंचा, गुजराती.
सोळाव्या पानाला आमचे स्वल्पविराम संपत.
मग मी वाटी घेऊन रस्ता ओलांडायचो,
शेजारी साखर मागायला जावं तसा.
"बेन आव्यां?" रमणभाई विचारायचे
आणि मूठभर टाकायचे.
स्वल्पविराम कुठल्याही भाषेत खपून जातो.
ळ मात्र मागता येत नसे.
त्यांचा ळ आमच्यासारखाच,
पण डोक्यावर छप्पर नाही.

दिवसा बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये.
समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या,
तीन मिनिटं झाली की ओढून घ्यायच्या.
पेटलादचा तंबाखूवाला भावावर ओरडता ओरडता तुटायचा,
नवसारीची कुणी मुलगी नुसती हुंदक्यांचे पैसे भरायची,
एक म्हातारा दर शनिवारी पुण्याला म्हणायचा,
"ऐकतेयस ना?"
आणि तिकडचं उत्तर यायच्या आत वेळ संपायची.

रात्री बाजवाड्यातल्या खोलीत
बाई त्या सगळ्यांना परत जोडून द्यायच्या,
एकाच वाक्यात, जे सुरू व्हायचं तंबाखूवाल्याच्या जांभईत,
मग त्याच्या दातात अडकलेल्या बडीशेपेवरून
नवसारीच्या मुलीच्या मामीच्या बारशाला जायचं,
तिथं पाळण्याच्या दोरीला धरून वर चढायचं,
गच्चीवरून सुरसागरात उडी घ्यायचं, पोहायचं,
विश्वामित्रीतल्या मगरीला तिच्या सासरची ख्यालीखुशाली विचारायचं,
भिजून, दमून, शेव-उसळ खाऊन, थोडी उधारी ठेवून,
शनिवारच्या म्हाताऱ्यापाशी यायचं
आणि तिकडून ती बाई म्हणायची,
हो, ऐकतेय, बोला,
आणि तरीही ते संपायचं नाही.

एकदा दमून मीच मध्ये पूर्णविराम टाकला.
पान दोनशे चौदा. कुणाला कळणार होतं?
प्रूफ परत आलं. त्याच्याभोवती लाल गोल,
समासात बारीक अक्षर:
"इथं कुणाला उतरायचंय?"

पुण्याच्या एका मासिकानं लिहिलं, फापटपसारा.
बाई तो अंक घेऊन थेट छापखान्यात आल्या,
टांगेवाल्याला थांबवून ठेवलं,
म्हणाल्या, शब्द पाहा काय सुरेख आहे,
किती खिळे लागतात याला?
मी मोजले. नऊ.
पुढच्या कादंबरीचं तेच नाव.
चारशे ऐंशी पानं, वर परिशिष्ट,
त्यातल्या एका पोपटाची वंशावळ.
खपल्या एकशे साठ प्रती.
उरलेल्या आमच्या माळ्यावर उंदरांनी वाचल्या.

मग थेट डायलिंग आलं.
लोक आपापलं बोलू लागले, मध्ये कुणी नको.
त्या वर्षी कादंबरी नव्वद पानांत आटोपली.
मला एकदाही रस्ता ओलांडावा लागला नाही.
प्रूफ द्यायला गेलो तर बाई खिडकीशी बसून होत्या.
म्हणाल्या, बरं झालं हो लोकांचं.
नंतर म्हणाल्या, चहा घेणार?

निधनाची सूचना मीच जुळवली.
चार ओळी, पाच पूर्णविराम.
तो खण उघडला. काठोकाठ भरलेला,
खिळे कोरे, झिजलेल्या अक्षरांपेक्षा केसभर उंच.
छापताना प्रत्येक ठिकाणी कागद फाटला.
मालक म्हणाले, दाब कमी कर.
मी कमी केला.

खिळे आता भंगारात गेले, किलोवर.
रमणभाईंचा मुलगा तिथंच मोबाईलची कव्हरं विकतो.
त्याला म्हटलं, तुझ्या वडिलांचे अंदाजे दोन शेर स्वल्पविराम
माझ्याकडे यायचे राहिलेत, म्हणजे द्यायचे.
त्याला वाटलं ही काही मराठी मिठाई.
बोला ना, म्हणाला,
गिऱ्हाईक नव्हतं, उभा राहिलो, सांगत.